मोबाईलमधला खेळ पारखून घ्या

गेल्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत किहीमला एका ओळखीच्या घरी गेले होते. माणसे सारी शेतावर. ओटीवर आजी आणि तीन वर्षांचा नातू. नातवाच्या हातात मोबाईल, त्यात फुगे फोडायचा खेळ. मध्येच जाहिरात आली, पोराने तिच्यावर बोट ठेवले आणि पैसे भरण्याचे पान उघडले. त्या घरचे बँकेचे व्यवहार त्याच मोबाईलवरून होतात! मी घाईने तो बंद केला. आजी म्हणाली, "रडतो म्हणून दिला गो. आत काय असतं ते मला काय ठाऊक?"

आजीला बोल लावून उपयोग नाही. लावणीला हात कमी पडतात, पोर कोणी सांभाळायचे? पण भाताचे बियाणे आपण मिठाच्या पाण्यात टाकून पाहतो, पोचट दाणे तरंगले की काढून टाकतो. मग लेकराच्या हाती द्यायचा खेळ न पाहता कसा द्यायचा?

आधी वयाचे बोलू. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाईल नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून जास्त नको, त्याहून कमी तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणेही तसेच आहे. मूल बोलायला शिकते ते त्याच्या बोबड्या बोलाला कोणी उत्तर देते म्हणून. मोबाईल नुसता बोलतो, ऐकून घेत नाही.

आता पारख. पहिली गोष्ट, इंटरनेट बंद करून पाहा. तरीही खेळ नीट चालला तर बरा. दुसरी, मुलाला देण्याआधी स्वतः दहा मिनिटे खेळा. जाहिराती येतात का, पैसे मागतो का, अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आहे का, हे बघा. असल्यास तो काढून टाका. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल थांबले की खेळही थांबतो का? चांगला खेळ मुलाची वाट पाहतो. वाईट खेळ त्याला सोडतच नाही, एक संपला की दुसरा आपोआप सुरू.

असे चांगले खेळ फुकट मिळतात. 'जीकॉम्प्री' हा 2000 साली सुरू झालेला खेळांचा संच दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नाव फ्रेंच, अर्थ 'मला समजलं'. त्यात रंग, आकार, मोजणी असे सोपे खेळ आहेत. चित्रे काढायला 'टक्स पेंट' आहे, तो 2002 सालापासूनचा. दोन्ही कॉम्प्युटरवर चालतात, मोबाईलवरही चालतात, आणि दोहोंत जाहिराती नाहीत. पुष्कळ मोबाईलमध्ये एकच खेळ पडद्यावर 'पिन' करून ठेवण्याची सोय असते. घरातल्या शिकत्या मुलाकडून ती लावून घ्या, म्हणजे छोट्याचे बोट भलतीकडे जाणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सांगते. कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत 2007 साली मुलांना एकेक छोटा लॅपटॉप मिळाला होता. ती मुले शाळेच्या वयाची, पण त्यातून आपल्याला घेण्यासारखे आहे. त्या लॅपटॉपवर मुलांनी स्वतः चित्र काढावे, लिहावे, फोटो घ्यावा, अशी साधने होती. नुसते बघत बसण्यापेक्षा हाताने काही करायला लावील, तोच खेळ निवडावा.

आणि शेजारी माणूस हवेच. आजीला वाचता आले नाही तरी चालेल. "हा कोणता रंग? ही किती फुले?" एवढे तिने विचारले तरी पुरे.

तास संपला की मोबाईल वर ठेवा आणि पोराला अंगणात न्या. याच किहीमला 1930 साली पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरणीची घरटी दिवसेंदिवस बसून पाहिली होती. लावणीचे दिवस हेच सुगरणीच्या विणकामाचेही दिवस. नातवाला कडेवर घेऊन ते आजीनेच दाखवावे.