वाचता येईल असा सातबारा

काल्पनिक विमान कंपनी चालविण्याचे खेळ संगणकावर आज अनेक तरुण खेळतात. विमाने किती, मार्ग किती, कोणत्या मार्गावर आसने रिकामी गेली, इंधनावर किती खर्च झाला, या साऱ्याचे तक्ते खेळाडूपुढे येत राहतात. तक्ता दाटीवाटीचा असला, आकड्यापुढे परिमाण नसले किंवा नफा-तोटा चटकन ओळखू येत नसला, तर खेळाडू तक्रार करतात आणि सुधारणा मागतात. ज्या व्यवहारात खरा एक पैसाही बुडत नाही, तेथे आकड्यांच्या मांडणीविषयी एवढी जागरूकता असेल, तर ज्या कागदावर कुटुंबाची सारी जमीन उभी आहे, त्याविषयी आपण उदासीन का असावे?

तो कागद म्हणजे सातबारा. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, या दोहोंचा मिळून हा उतारा होतो. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला तो पीककर्जासाठी लागतो, खरेदी-विक्रीत लागतो, भावाभावांच्या वाटणीत लागतो. मोताळ्यापासून लोणारपर्यंत कोठेही पाहा, तो वाचून घेण्यासाठी गावातील शिक्षक, ओळखीचा कारकून किंवा महाविद्यालयात जाणारा मुलगा शोधावा लागतो. मालक एक आणि वाचणारा दुसरा, ही स्थिती समाधानाची नव्हे.

वाचनातील चूक किती महाग पडते, याचे एक साधे उदाहरण घेऊ. क्षेत्रापुढे नुसते '१.५' लिहिले, तर ते १ हेक्टर ५ आर समजावे की १ हेक्टर ५० आर? दोहोंतील अंतर ४५ आरांचे, म्हणजे एका एकराहून अधिक. शिवाय घरातले आणि बांधावरचे बोलणे आजही एकर-गुंठ्यांत चालते. ०.८० हेक्टर म्हणजे जवळजवळ २ एकर, हे गणित कागद करून देत नाही. ते ज्याला येते त्याच्यावर विसंबावे लागते. आणि असा विसंबणारा माणूस फसवणुकीला सोपा असतो.

शासनाला याची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. २०२० साली सातबाऱ्याच्या नमुन्यात महत्त्वाचे बदल झाले. क्षेत्राचे एकक स्पष्ट छापण्याचे ठरले. लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची एकूण बेरीज दाखविण्यात आली. खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. मयत खातेदारांच्या आणि कमी झालेल्या बोज्यांच्या नोंदींवर आडवी रेघ मारण्याची पद्धत आली. प्रलंबित फेरफार आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांकही दिसू लागला. यांतील एकाही बदलाने कोणाचा हक्क कमी-जास्त झाला नाही. बदलली ती केवळ मांडणी. कायद्याचा कागद सोपा करता येत नाही, हा नेहमीचा आक्षेप येथेच निकालात निघतो.

मांडणीचे महत्त्व या जिल्ह्याला नवे नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. तिच्यातून वर्तविल्या जाणाऱ्या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु तेथे प्रत्येक धान्याला वर्तुळात आपली जागा असते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा जागेवरून हलला हे पाहता येते. प्रत्येक गोष्ट ठरल्या जागी असावी, हा वाचनीयतेचा पहिला नियम. तो भाकितासाठी पाळला जातो, तर हक्कासाठी अधिक काटेकोरपणे पाळला पाहिजे.

अजून बरेच व्हावयाचे आहे. फेरफार क्रमांकापुढे 'वारस', 'खरेदी', 'वाटणी', 'बोजा' असा एकेक शब्द असावा. नुसत्या क्रमांकावरून सामान्य माणसाला काय उमगणार? क्षेत्राखाली माहितीसाठी एकर-गुंठेही द्यावेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी अशी व्यवस्था राज्यभर आली. ज्याच्यावर नोंदीची जबाबदारी टाकली, त्याला ती नोंद लहानशा पडद्यावरही स्वच्छ वाचता आली पाहिजे. आणि शाळेच्या गणितात नफा-तोट्याच्या उदाहरणांशेजारी एक सातबाराही यावा.

नमुना चांगला की वाईट, याची परीक्षा मंत्रालयात होऊ नये. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या हाती तो द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: शेत कोणाचे, किती आणि त्यावर बोजा कोणता? उत्तरे मिळाली नाहीत, तर त्याच्या अडाणीपणाला दोष देऊ नये. दोष मांडणीचा आहे, आणि तो दूर करणे शासनाच्या हाती आहे.