तर्रीचा मान आणि भोपळ्याची भाजी



रविवारी आम्ही विहारात बीपी आणि शुगरची तपासणी ठेवतो. तपासणीनंतर मी प्रत्येकीला विचारते, "ताई, महिन्याला तेल किती लागतं?" बऱ्याच जणी हसतात. "मोजतंय कोण?" म्हणतात. आणि एखादी हळूच सांगते, "तेल कमी केलं तर घरातले म्हणतात, आज भाजीला तर्रीच नाही."

तर्रीचे हे वेड मी हसण्यावारी नेत नाही. माझी आजी शेजारून वाटीभर तेल उसने आणायची, आणि तेही सणाला. एरवी भाकरी, मीठ, मिरची. म्हणून हातात चार पैसे आल्यावर भाजीवर तेलाचा तवंग दिसणे हा आपल्याला मान वाटला. पाहुण्याला कोरडी भाजी वाढणे म्हणजे जुने दिवस वाढणे! पण वॉर्डात काम करताना मी पाहिले आहे की, घरातले कमावते माणूस लकव्याने आडवे झाले की सगळे घरच आडवे होते. हा दोष एकट्या तेलाचा नाही. मीठ, तंबाखू, दारू आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्याही त्यात आहेत. पण तेलाचा चमचा आपल्याच हातात असतो.

बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, म्हणजे चार-पाच छोटे चमचे तेल पुरते. या हिशेबाने चौघांच्या घरात एक लिटरची पिशवी दहा दिवस चालायला हवी. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. हिशेब आपोआप कळेल.

आता थंडीत लाल भोपळा करून पाहा. कुणी त्याला डांगर म्हणते, कुणी काशीफळ, तर विदर्भात कोहळं. झोपडीच्या छपरावर वाढणारी ही वेल म्हणून पोरे नाक मुरडतात. पण न चिरलेला पिकला भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, पोट भरतो, आणि त्याच्या केशरी रंगातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. मात्र ते अंगी लागायला थोडे तेल हवेच. म्हणून तेल कमी करा, बंद करू नका.

चौघांसाठी अर्धा किलो भोपळा घ्या. साल कोवळी असेल तर काढू नका. दोन छोटे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, पाव चमचा मेथीदाणे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि हळद घाला. फोडी परतून झाकण ठेवा आणि झाकणावर पाणी ओता. मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत वाफेवरच भाजी शिजते. शेवटी अर्धा चमचा मीठ, दोन चमचे भाजलेल्या तिळाचे कूट, कोथिंबीर आणि लिंबू. चव तिळाची आणि लसणाची येते, तेल आठवतही नाही. बिया फेकू नका. धुऊन, वाळवून, भाजून खा.

शुगर असेल तर गूळ घालू नका. वाटीभर भाजी घ्या आणि सोबतची भाकरी थोडी कमी करा. किडनीचा आजार असेल तर भोपळा खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि भाजी बदलली म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.

शेवटी एक सांगते. हे एकट्या सुनेवर ढकलू नका. तेल कमी तिने करायचे आणि टोमणेही तिनेच खायचे, हे चालणार नाही. घरातल्या पुरुषांनी आठवड्यातून एकदा ही भाजी स्वतः करावी. विहारातल्या पौर्णिमेच्या जेवणातही ती ठेवू या. पाहुण्याचा मान आपण त्याच्याशी कसे बोलतो आणि त्याला पोटभर कसे वाढतो यात आहे, ताटातल्या तवंगात नाही. चार जणांसमोर एकदा कोरडी भाजी वाढली गेली, की घरी ती वाढायला कुणाला लाज वाटणार नाही.