कर्जात माझे नाव, कार्डावर कुणाचे?

मैत्रिणींनो, दिवाळीच्या तोंडावर आम्ही नगरच्या माळीवाड्यातली भाड्याची जागा सोडली आणि सावेडीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. १८ लाखांचे कर्ज, २० वर्षे मुदत, महिन्याला १६ हजार २०० रुपये हप्ता. कर्ज आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि हप्ता दोघे निम्मा-निम्मा भरतो. मी शिक्षिका आहे, हातात ३४ हजार पडतात. आपल्या पैशाने घर झाले याचा मला अभिमान वाटला, आजही वाटतो.

महिनाभरातच धाकटीला डेंग्यू झाला. रात्री अकरा वाजता रुग्णालयाने २० हजार अनामत मागितली. नवरा कामासाठी पुण्याला गेलेला. घर घेताना माझ्या खात्यातली होती नव्हती ती शिल्लक संपली होती. शेवटी शेजारच्या वहिनींनी भिशीचे पैसे आणून दिले म्हणून निभावले. त्या रात्री ठरवले, अडीनडीला स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड हवे. माझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथेच अर्ज केला.

पंधरा दिवसांनी फोनवर उत्तर आले, "मॅडम, तुमचा अर्ज नियमात बसत नाही." शाखेत जाऊन विचारले, तर टेबलामागचा तरुण अगदी आपुलकीने म्हणाला, "ताई, कशाला त्रास घेता? साहेबांकडे कार्ड आहे ना? त्यावरच तुमच्या नावाचे जोडकार्ड घ्या."

त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेण्याइतकी माझी पत आहे, आणि २५ हजारांच्या कार्डाइतकी नाही?

मी लेखी कारण मागितले. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे अर्ज नाकारला तर त्याचे नेमके कारण लेखी कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. पत्र आले. कारणे दोन होती. पहिले, हप्त्याचे ओझे पगाराच्या मानाने जास्त. दुसरे, नाव आणि पत्ता यांचा मेळ बसत नाही.

आता हे समजून घेऊ या, कारण इथे नुसते रागावून भागणार नाही. संयुक्त कर्जात प्रत्येक कर्जदार संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो. घरात आपण निम्मा-निम्मा हप्ता ठरवला तरी सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीच्या दप्तरी दोघांच्याही नावावर पूर्ण कर्ज दिसते. म्हणजे बँकेच्या लेखी माझ्या ३४ हजारांतले जवळजवळ निम्मे पैसे हप्त्यातच गेले. हे गणित चूक म्हणता येणार नाही. उद्या नवऱ्याने हप्ता थकवला तर वसुलीची नोटीस मलाही येणारच.

दुसरे कारण मात्र खास बायकांच्या वाट्याचे. माझे पॅनकार्ड माहेरच्या नावाचे, आधार सासरच्या नावाचे, पगाराच्या खात्यावर जुना पत्ता आणि वीजबिल नव्या जागेचे, तेही नवऱ्याच्या नावावर. घर बदलले की पुरुषाला फक्त पत्ता बदलावा लागतो. आपण लग्नात नाव बदलतो, गाव बदलतो, आणि प्रत्येक बदलाबरोबर कागदावरची आपली ओळख पुसट होत जाते.

आणि जोडकार्ड? नवऱ्याच्या कार्डावरच्या जोडकार्डाने खरेदी होते, पण बिलाची जबाबदारी आणि वेळेवर फेडीचा लौकिक मूळ कार्डधारकाच्या खात्यावर जमा होतो. दहा वर्षे इमानाने वापरले तरी आपल्या नावाची पत उभी राहत नाही. उद्या नवरा गेला किंवा संसार मोडला तर कार्डही गेले आणि लौकिकही.

माझ्या बाबतीत निदान घराच्या खरेदीखतावर माझे नाव आहे. पण अनेक घरांत काय घडते? जास्त कर्ज मिळावे म्हणून बायकोचा पगार दाखवतात, तिला सहकर्जदार करतात, आणि खरेदीखत मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर. घराच्या मालकांना सहकर्जदार व्हायला बँक सहसा भाग पाडते, पण सहकर्जदाराला मालक करा असे कुणी सांगत नाही. कर्ज फेडायला ती, घर त्याचे! याच्या उलटही घडते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती वाचवण्यासाठी बायकोचे नाव लागते, आणि सही झाली की कागद नवऱ्याच्या कपाटात जातात.

शेतावर तर हे दुखणे जुनेच आहे. १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले, पण बँक आधी सातबारा मागते. आपल्या जिल्ह्यात उसाला पाणी देणारी, गायीची धार काढणारी बाई असते, आणि उसाचे बिल ज्याच्या नावावर ऊस त्याच्या खात्यात जमा होते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावले. २००३ मध्ये शासनाने 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या दप्तरी दोघांची नावे लावायला सांगितले. तुमच्या गावात नमुना आठचा उतारा काढून पाहिलात का?

बायकांना कर्ज मिळत नाही असेही नाही. १९९२ मध्ये नाबार्डने बचतगटांना बँकांशी जोडले तेव्हापासून गटातल्या बाईच्या परतफेडीचे गोडवे गायले जातात. आठवड्याच्या हप्त्यावर कर्ज देणाऱ्या खासगी कंपन्या तर थेट वस्तीवर येतात. हप्ता फेडायला बाई भरवशाची आहे, मग तिच्या एकटीच्या नावाची पत मानायला एवढा विचार का? अमेरिकेतही बँका नवऱ्याची सही मागत आणि बायकोची कमाई पूर्ण धरत नसत. त्याविरुद्ध बायकांनी आवाज उठवला आणि १९७४ मध्ये समान पतसंधीचा कायदा झाला.

काही मैत्रिणी म्हणतील, कार्ड म्हणजे उधळपट्टीचे आमंत्रण, आपल्याला कशाला हवे? भीती खोटी नाही. पूर्ण बिल न भरता नुसती 'किमान रक्कम' भरत राहिले तर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांपर्यंत व्याज पडू शकते. ही सावकारीच झाली. म्हणून वापरायचे ते बेताने, आणि बिल मुदतीत पूर्ण भरायचे. पण म्हणून कार्डच नको म्हणणे म्हणजे भाजेल म्हणून चूल न पेटवणे.

मी पुढे काय केले ते सांगते. पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवला आणि त्यातला जुना पत्ता दुरुस्त करून घेतला. पॅन आणि आधारवरचे नाव एक केले. उगाच चार बँकांत अर्ज टाकले नाहीत, कारण प्रत्येक अर्जाची नोंद होते आणि पतीचा आकडा खाली येऊ शकतो. चार महिन्यांत साठवलेल्या ३० हजारांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्या तारणावर छोटे कार्ड घेतले. स्वतःच्याच पैशावर स्वतःची पत सिद्ध करायची, यातला विनोद मला कळतो. पण सुरुवात माझ्या नावाने झाली.

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. त्यांनी राज्याच्या तिजोरीचा कारभार सांभाळला. आपल्याला निदान आपल्या घराचे कागद माहीत असावेत. आज रात्री जेवणे झाली की कपाट उघडा. खरेदीखत, कर्जाचा करार, सातबारा, वीजबिल पुढ्यात घ्या आणि आपले नाव कुठे आहे, कुठे नाही ते पाहा. फक्त कर्जात असेल तर घरात विषय काढा. वाद होईल, होऊ दे. काय घडले ते आम्हाला जरूर लिहा.