राणीची पुण्याई कीं रयतेची कमाई?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजीं वारली. त्याला शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी तिच्या नांवाची आरती कांहीं थांबत नाहीं. बोलपट निघतात, मालिका निघतात, जाड जाड चरित्रें छापलीं जातात, आणि बहुतेकांचें पालुपद एकच : राणी मोठी साध्वी, मोठी मायाळू, तिच्या पुण्याईनें तिच्या रयतेचें कल्याण झालें. आपल्याकडेही राणीछाप रुपया गाठोड्यांत जपून ठेवणारीं घरें आहेत. रुपया खुशाल जपावा. त्यांत चांदी आहे. पण त्या छापाबरोबर जी कहाणी आपल्या गळ्यांत बांधली जाते, ती खरी कीं खोटी हें सोनारासारखें कसावर घासून पाहावें कीं नाहीं?

प्रथम राणीचें जें असेल तें तिच्या पदरांत घालूं. २४ मे १८१९ रोजीं ती लंडनांत केन्सिंग्टनच्या राजवाड्यांत जन्मली. वर्षाची होण्यापूर्वींच बाप गेला. २० जून १८३७ रोजीं चुलता, राजा चौथा विल्यम, वारला आणि अठरा वर्षांच्या पोरीवर राज्य येऊन पडलें. १८४० सालीं मामेभाऊ आल्बर्ट याच्याशीं तिचें लग्न झालें. नऊ मुलें झालीं. १४ डिसेंबर १८६१ रोजीं नवरा वारला, आणि तेव्हांपासून मरेपर्यंत तिनें काळीं वस्त्रें सोडलीं नाहींत. कामाला ती आळशी नव्हती. म्हातारपणीं अब्दुल करीम नांवाच्या हिंदी मुनशीपासून ती हिंदुस्थानी शिकली, आणि दरबारचे गोरे त्याला हिणवूं लागले तेव्हां तिनें त्याचीच बाजू घेतली. १८५८ चा जाहीरनामा काढतांना त्याची भाषा मायेची असावी असा आग्रह तिनें धरला होता. हें सर्व खरें आहे, आणि खरें तें आम्ही खरेंच म्हणणार.

पण हें एका बाईचें चरित्र झालें. राज्याचा हिशेब निराळ्या वहींत असतो. आतां ती वही उघडूं.

राणी गादीवर आली तेव्हां इंग्लंडांतली गोरगरीब रयत काय सुखांत लोळत होती? वाफेच्या मागांनीं हातमागावरचे विणकर देशोधडीला लागले होते. कोळशाच्या खाणींत पांचसहा वर्षांचीं लेंकरें काळोखांत बसून दारें उघडण्याझांकण्याचें काम करीत, आणि बाया कमरेला सांखळी अडकवून कोळशाच्या गाड्या ओढीत. १८४२ सालीं चौकशीचा अहवाल चित्रांसह छापला गेला, देशाला लाज वाटली, आणि स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना खाणींत उतरविण्यास कायद्यानें बंदी झाली. कायद्यावर नांव राणीचें पडलें. पण राणी गादीवर येऊन पांच वर्षें झालीं होतीं आणि लेंकरें काळोखांतच होतीं. तीं बाहेर निघालीं तीं पुण्याईनें नव्हे, तर त्यांची दशा जगापुढें उघडी पडल्यामुळें.

त्याच १८४२ सालीं सनदवाले म्हणून नांवाजलेले मजूर व कारागीर पार्लमेंटच्या दारीं अर्ज घेऊन गेले. त्यावर सुमारें ३३ लाख सह्या होत्या. प्रत्येक सज्ञान पुरुषाला मत असावें, मतदान गुप्त असावें, अशा त्यांच्या सहा मागण्या होत्या. अर्जांत त्यांनीं एक हिशेबही मांडला होता : राणीच्या खाजगी खर्चाला रोजचे १६४ पौंड १७ शिलिंग १० पेन्स मिळतात, आणि हजारों मजूर कुटुंबांत माणशीं रोजचे पावणेचार पेन्स येतात. घरांत शिकणारें पोर असेल तर त्याच्याकडून पाटीवर हें गणित करून घ्या. बारा पेन्सांचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. राणीच्या एका दिवसाच्या पैशांत साडेदहा हजारांहून अधिक माणसांचा दिवस निघतो!

अर्जाचें काय झालें? ४९ मतें बाजूनें पडलीं, २८७ विरुद्ध. अर्ज फेंकला गेला. १८४८ सालीं तेच लोक पुन्हां लंडनांत जमले, तेव्हां शहरांत फौज उभी केली गेली आणि राणीला मुलांबाळांसह आधींच वाइट बेटावर ऑस्बोर्नच्या वाड्यांत नेऊन ठेवण्यांत आलें. आई म्हणविणारी आपल्या लेंकरांना भिऊन दुसऱ्या गांवीं जाते, ही कसली आई?

तरी त्या लोकांनीं सोडलें नाहीं. १८६७ सालीं शहरांतल्या पुष्कळ कामगारांना मत मिळालें, १८७२ सालीं मतदान गुप्त झालें, १८८४ सालीं खेड्यांतल्या शेतमजुरांपर्यंत मत पोंचलें. सहांपैकीं पांच मागण्या पुढें मान्य झाल्या. आणि मजुराच्या हातीं मत आल्यावर काय झालें पाहा. १८७० सालीं प्राथमिक शाळांचा कायदा झाला, १८८० सालीं इंग्लंड व वेल्समध्यें दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली, १८९१ पासून बहुतेक शाळांतली फी गेली. मत अगोदर, शाळा मागाहून! हा क्रम ध्यानांत ठेवा.

आणि बायकांचें काय? गादीवर बाई बसली म्हणजे बायकांचें भलें होतें, ही भाबडी समजूत आहे. स्त्रियांच्या हक्कांची चळवळ राणीला वेडेपणा व दुष्टपणा वाटे. १८७० सालीं तिनें तसें पत्रांत लिहून ठेवलें आहे. इंग्लंडांतल्या बायकांना मत मिळालें तें ती गेल्यानंतर, १९१८ सालीं कांहींना व १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें; तेंही त्या स्वतः झगडल्या म्हणून.

येथें राणीचे भक्त म्हणतील, "बिचारीच्या हातीं सत्ता होती कोठें? कारभार प्रधानांचा, ती नुसती सही करणारी." बरें तर! सत्ता नव्हती, तर कल्याणाचें श्रेय तिला कां देतां? चांगलें झालें तें राणीनें केलें आणि वाईट झालें तें प्रधानानें, हा कोठला न्याय? शिवाय तिचें मन जेथें असे तेथें तिचा हात पोंचत असे. १८३९ सालीं नवा प्रधान होऊं घातलेल्या पीलनें तिच्या महालांतल्या कांहीं बाया बदलण्यास सांगितलें; राणी हट्टाला पेटली, आणि पीलचें मंत्रिमंडळ बनलेंच नाहीं. १८७६ सालीं तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी व्हावेंसें वाटलें. डिझरायली प्रधानानें त्यासाठीं कायदा करून दिला. दासींसाठीं व पदवीसाठीं हात चालतो, आणि उपाशी रयतेसाठीं तेवढा लुळा पडतो काय?

उपाशी रयत म्हटली कीं आयर्लंड आठवतें. १८४५ पासून तेथें बटाट्यावर रोग पडला. गरीब कुळांचें सारें पोट त्या एका पिकावर. सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. आणि त्याच वर्षांत आयर्लंडांतलें धान्य जहाजांत भरून बाहेर जात होतें. राणीनें मदतीला २,००० पौंड दिले. एका माणसाचें दान म्हणून तें लहान नव्हे. पण मघांच्या पाटीवर पाहा : तो तिचा बारा दिवसांचा खाजगी खर्च होता. दानानें दुष्काळ हटत नसतो. धान्य अडविण्याचा हुकूम पाहिजे होता. तो निघाला नाहीं.

आतां आपल्या घरचें. १ जानेवारी १८७७ रोजीं लॉर्ड लिटननें दिल्लीस थाटाचा दरबार भरवून राणीच्या सम्राज्ञीपदाची द्वाही फिरविली. त्याच वेळीं दख्खनेंत, मद्रासेंत, म्हैसुरांत दुष्काळ पेटलेला होता. खडी फोडणाऱ्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा द्यावा, असें ठरलें होतें. मुंबई इलाख्यांतल्या मजुरांनीं त्या मजुरीवर राबण्याचें नाकारलें. दुष्काळ हटेपर्यंत पन्नास लाखांवर माणसें दगावलीं. राणीनें हिंदुस्थानची भूमी जन्मांत पाहिली नाहीं.

आणि आपल्याला थोडेंबहुत मिळालें तें कसें? १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें गांवीं कुणब्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें आगींत घातलीं, दंगा गांवोगांव पसरला, चौकशी बसली, आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. १८५८ चा मायेचा जाहीरनामा सतरा वर्षें कागदावर होता, तेव्हां कोणाला कुणब्याची आठवण झाली नव्हती!

त्या जाहीरनाम्यांत एक वचन मोठें गोड होतें : जात-धर्म न पाहतां, विद्येनें व लायकीनें जो योग्य त्याला सरकारी चाकरी. पण ज्याच्या गांवांत शाळाच नाहीं तो योग्य व्हावा कधीं? जोतीराव फुल्यांनीं नेमका हाच कांटा पकडला. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं लिहून दिलें कीं, सरकारची तिजोरी रयतेच्या घामानें भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्यांवर खर्च होतो. तरी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा. इंग्लंडांत ती सक्ती होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. राणी तीच, तिकडच्या पोराला शाळा, आणि इकडच्याला नाहीं. १८८८ सालीं राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यास मेजवानीला आला, तेव्हां जोतीराव कुणब्याच्या वेषांत सभेंत गेले आणि, येथें जरतारीनें नटून बसलेत ते म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यांत उघडीवाघडी आहे, तिला विद्या द्या, असा निरोप त्यांनीं राणीला धाडला. राणी त्यानंतर तेरा वर्षें जगली. शाळेची सक्ती आली नाहीं. कोल्हापुरासारख्या लहान संस्थानांत शाहू महाराजांनीं ती १९१७ सालीं केली. देशाच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला तो २००९ सालीं, आणि अमलांत आला १ एप्रिल २०१० पासून. जोतीरावांच्या अर्जापासून मोजा : १२८ वर्षें!

म्हणून बंधुभगिनींनो, राणीला शिव्या द्या असें आम्ही सांगत नाहीं. मेलेल्या माणसाला शिव्या देऊन कोणाची चूल पेटत नाहीं. आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, इंग्लंडचा खाणमजूर काय आणि सुप्याचा कुणबी काय, ज्याला जें मिळालें तें त्यानें मागितल्यावर, झगडल्यावर मिळालें. मागाहून श्रेयाचा टिळा मात्र गादीच्या कपाळीं लागला. ही चाल राणीबरोबर मेली असें समजूं नका. आजही कोणी पुढारी येऊन "शाळा मी दिली, रस्ता मीं दिला" म्हणतो, तेव्हां त्याच्या गळ्यांत हार घालण्यापूर्वीं, मागणी कोणाची होती आणि पैसा कोणाचा होता, हें विचारा.

त्या २००९ च्या कायद्यानें सरकारी व झेडपीच्या शाळांना व्यवस्थापन समिती नेमावी लागते, आणि तींत पाऊण सभासद पालक असावे लागतात. किती गांवांत ती समिती नुसती सह्यांपुरती आहे! आम्ही शाळामास्तर आहोंत, आमच्याच घरची ही गोष्ट आहे, तरी सांगतों. बैठकीला जाऊन बसा. बायकांना बरोबर न्या. खर्चाची वही मागा. आणि वही वाचतां येत नसेल, तर ज्याच्यासाठीं ही शाळा आहे त्या पोराला शेजारीं बसवून वाचावयास लावा.