गाडीच्या पाठीवरची सायकल

गेल्या पौषातील एका सायंकाळी, धानाची मळणी आटोपून खळी रिकामी झालेली असताना आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस तणसाचे ढीग पिवळे दिसत असताना, आमच्या कामठ्यात एक उंच, पांढरे प्रवासी वाहन येऊन थांबले. (कामठा म्हणजे नागपूरजवळची कामठी नव्हे, ज्याच्या जमीनदाराने, चिमणा पाटलाने, १८१८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि जेथे आज लहरी बाबांच्या आश्रमाकडे भाविकांची रीघ लागते, ते हे गोंदिया तालुक्यातील गाव.) ज्याच्या पोटात शय्या, शेगडी आणि पाण्याची टाकी असा संसाराचा सारा सरंजाम असतो आणि ज्यास आता कॅम्परव्हॅन हे नाव सर्वत्र रूढ झाले आहे, त्या जातीचे ते वाहन होते, आणि त्याच्या पाठीवर जाड टायरांच्या दोन डोंगरी सायकली, ज्यांना तरुण मंडळी माउंटन बाइक म्हणतात त्या, निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीने बांधलेल्या होत्या. एकीचे पुढचे चाक वाऱ्याने स्वैर फिरत होते, दुसरीचे हँडल पत्र्यावर घासून रंग खरवडीत होते. परंतु माझे मन ज्यामुळे अस्वस्थ झाले ती गोष्ट वेगळी होती. वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि डाव्या बाजूचा तांबडा दिवा हे दोन्ही त्या सायकलींआड पूर्णपणे झाकले गेले होते, आणि गोंदियापासून त्याच्या मागोमाग मोटारसायकलीवर आलेला आमच्या गावचा एक मुलगा सांगत होता की, समोरची गाडी केव्हा थांबते आणि केव्हा वळते हे त्याला वाटभर उमगले नाही.

ती पाहुणे मंडळी सुशील होती. सायकल बांधणे ही आपली खाजगी बाब आहे अशी त्यांची समजूत होती आणि त्यात मला त्यांचा एकट्यांचा दोष दिसत नाही, कारण ही समजूत सार्वत्रिक आहे. ओझे ज्याचे त्याचे असते हे खरे. पण चालत्या वाहनावरून ते सुटले, तर जो घाव बसतो तो धन्याला नव्हे, मागून येणाऱ्याला बसतो, आणि आमच्या रस्त्यांवर मागून येणारा बहुधा दुचाकीवर असतो, नाही तर बंडीवर. म्हणून गाडीच्या पाठीवरची सायकल हा सार्वजनिक सुरक्षिततेचा विषय आहे, आणि शासनाने व प्रवाशाने दोघांनीही त्याची दखल त्याच गांभीर्याने घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायकल वाहून नेणे ही आमच्याकडे नवी गोष्ट नव्हे. माझ्या लहानपणी एस. टी.च्या टपावर सायकली चढत. मागच्या शिडीवरून एक जण वर जाई, दुसरा खालून सायकल उचलून देई, आणि कंडक्टर लगेजचे तिकीट फाडून झाल्यावर स्वतः वर जाऊन गाठ पाहून येई. बांधावयास नवा दोर क्वचितच असे. सायकल दुरुस्तीच्या दुकानातील जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या असत, आणि त्या पट्ट्यांत एक गुण होता जो त्या निळ्या दोरीत नव्हता: रबर ताणले जाते, आपल्या जागी परत येते आणि लोखंडाला धरून राहते, म्हणून खड्ड्याच्या धक्क्याने गाठ सैल पडत नसे. धानाचे भारे बंडीवर रचणारा आमचा शेतकरीही हेच निराळ्या रीतीने साधतो; दोर भाऱ्यांवरून टाकून झाल्यावर त्यात तो काठी घालतो, तिला पीळ देतो आणि ती काठीच बांधून टाकतो. आज परदेशी बनावटीच्या पट्ट्यांना जी दातेरी कळ असते व जी दाबत गेले असता पट्टा कसत जातो, तिच्यामागील तत्त्व याहून भिन्न नाही. बांधण्याची विद्या या मुलुखाला पूर्वापार अवगत होती. वाहनाचा वेग वाढला आणि ती विद्या मात्र मागे राहिली.

वेग वाढला की काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरवर सायकलीला जो रेटा बसतो त्याच्या चौपट तो ८० वर बसतो, आणि समोरून येणाऱ्या मालमोटारीचा झोत त्यात मिळाला म्हणजे गावातल्या गावात भक्कम वाटलेली गाठ राजमार्गावर टिकेलच असे नाही. दुसरी गोष्ट भाराची. मागच्या आसाच्याही पाठीमागे पावणेदोन मीटरवर सायकली व त्यांचे लोखंडी कॅरिअर मिळून १०० किलो ओझे टांगले आणि वाहनाच्या दोन आसांमधील अंतर साडेतीन मीटर असले, तर तरफेच्या साध्या नियमाने मागच्या आसावर १५० किलो वाढतात आणि पुढचा आस ५० किलोंनी हलका होतो; पुढची चाके हलकी झाली की सुकाणूची पकड कमी होते, आणि ओल्या रस्त्यावर ही उणीव नेमक्या वळणावर प्रत्ययास येते. विजेवर चालणाऱ्या सायकलीचे वजन पुष्कळदा २० ते २५ किलोंच्या घरात जाते. तिची बॅटरी काढून वाहनाच्या आत ठेवली तर भार तर कमी होतोच, शिवाय मोलाची वस्तूही दृष्टीआड राहते. टपावर सायकल उभी केली तर हा तरफेचा दोष टळतो, पण उंची वाढते. वाहनाच्या उंचीत सायकलीचा मीटरभर उंचावा मिळाला म्हणजे रेल्वेखालचे भुयारी मार्ग आणि रस्त्यावर ओणवलेल्या चिंचेच्या फांद्या यांचे भय उत्पन्न होते, आणि तीन तास वाहन हाकणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यावर काय आहे याचे विस्मरण होणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या वाहनात मागे कोठीसारखी जागा आहे त्यांनी सायकल आतच घ्यावी. चिखल आत येईल, पण चिखल धुता येतो.

पाठीवर बांधावयाची झाली तर मी इतके सांगेन. सायकलीला किमान तीन जागी आधार हवा: फ्रेमला एक, आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र एकेक, त्यांपैकी पुढचे चाक मोकळे सोडणे ही सर्वांत सामान्य कसूर होय, कारण ते वळते आणि त्याच्याबरोबर हँडलही वळते. कार्बनच्या फ्रेमला आवळणारा पंजा लावू नये. ती वरून वज्रासारखी भासली तरी चिमटीत आवळली असता तिच्या नळीला तडा जाण्याचा संभव असतो, आणि अशा सायकलीला चाकांनी धरणारे कॅरिअरच योग्य. दोन सायकलींमध्ये, एकीचे पायडल दुसरीच्या फ्रेमला जेथे भिडते तेथे, जुन्या ट्यूबचा तुकडा अथवा घोंगडीची घडी घालावी. वाहनाच्या धुराच्या नळीचे तोंड कोठे आहे हे पाहावे. तिच्या उष्ण झोतात टायर आला तर तो वाटेतच निकामी होतो. चाक काढून नेत असाल तर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या दोन पट्ट्यांमध्ये लहानसा तुकडा बसवावा, म्हणजे कोणा मुलाने गंमत म्हणून ब्रेक दाबला तरी त्या पट्ट्या एकमेकींना चिकटणार नाहीत. धुळीपासून रक्षण म्हणून चालत्या वाहनावर सायकलींना कापड गुंडाळणे चुकीचे आहे. ते कापड शिडासारखे फुगते आणि सर्व गाठींवर ताण आणते. आणि निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा उतरून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहावा, कारण नव्याने कसलेला पट्टा पहिल्या हादऱ्यांतच आपली जागा घेतो आणि सैल होतो.

आता कायद्याचा विचार. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ५० वा नियम नोंदणी क्रमांकाच्या पाटीविषयी आहे, आणि मागची पाटी रात्री १५ मीटरवरून वाचता येईल इतकी प्रकाशित असावी असेही त्याच नियमावलीत सांगितले आहे. २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याने वाहनाच्या बाहेर मर्यादेपलीकडे डोकावणाऱ्या ओझ्यासाठी २०,००० रुपये दंड ठरविला, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की निर्मात्याने घडविलेल्या मूळ स्वरूपात वाहनधारकाने मनास येईल तो फेरफार करू नये. हे तिन्ही दंडक रास्त आहेत. परंतु ज्याला आपल्या वाहनामागे रीतसर कॅरिअर लावून, दिवे व क्रमांक दिसतील अशी तजवीज करून, निर्दोषपणे सायकली न्यावयाच्या आहेत त्या सरळमार्गी नागरिकाने या तीन ठिकाणांचा मेळ स्वतःच घालावा, ही अपेक्षा योग्य नव्हे. जर्मनीत सायकलींनी पाटी झाकली जात असेल तर कॅरिअरवर तोच क्रमांक पुन्हा लावावा लागतो; इटलीत व स्पेनमध्ये मागे डोकावणाऱ्या ओझ्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, ५० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चमकता फलक लावण्याची सक्ती आहे. आमच्या परिवहन खात्याने असाच एक निःसंदिग्ध हुकूम, सोप्या मराठीत, एका पानावर छापून प्रत्येक कार्यालयात लावावा: कोणते कॅरिअर चालेल, क्रमांक व दिवे कोठे यावेत, बाजूने किती डोकावले तर गुन्हा ठरेल. मुभा आणि मनाई यांच्या सीमा स्पष्ट असल्या म्हणजे रस्त्यावरील शिपायाच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नाही.

राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि अशा वाहनांच्या मुक्कामाच्या जागी पाणी, वीज व स्वच्छतेची सोय असावी हा त्यातील विचार मला मनापासून मान्य आहे. पण आमच्या जिल्ह्यात येणारा प्रवासी काय करतो, हे त्या धोरणाच्या अंमलदारांनी येथे येऊन पाहावे. तो नागझिऱ्याला जातो. १९७० साली अभयारण्य झालेले नागझिरा आणि त्याच्या दक्षिणेचे नवेगाव मिळून २०१३ च्या डिसेंबरापासून व्याघ्र प्रकल्प झाला आहे, आणि तेथे चोरखमारा वा पिटेझरीच्या फाटकावर आपले वाहन ठेवून वनखात्याच्या नियमाने दुसऱ्या उघड्या गाडीतून आत जावे लागते. पहाटे गेलेला माणूस चार तासांनी परततो. तेवढा वेळ त्याच्या सायकली, ज्यांची किंमत कधी कधी आमच्याकडील बैलजोडीहून अधिक असते, उघड्यावर टांगलेल्या राहतात. कॅरिअरचा पट्टा हे कुलूप नव्हे. चाकूच्या एका फटक्यात तो तुटतो, आणि बारीक तारेचे कुलूपही साध्या पकडीने तुटते. जाड साखळी फ्रेममधून आणि दोन्ही चाकांतून ओवून ती वाहनाच्या मूळ सांगाड्याला, केवळ कॅरिअरला नव्हे, जखडली तरच काही बंदोबस्त झाला असे म्हणता येईल. याहूनही उत्तम म्हणजे फाटकावरच, पहारेकऱ्याच्या दृष्टीसमोर, जमिनीत पक्का रोवलेला एक लोखंडी दांडा, ज्याला सायकली बांधून ठेवता येतील. त्याला खर्च असा कितीसा येणार? आमच्या गावच्या लोहाराला सांगितले तर तो आठवड्यात करून देईल. असाच दांडा कामठ्यात आश्रमाजवळ हवा, हाजरा धबधब्याच्या वाटेवर हवा, कचारगडच्या पायथ्याशी हवा; आणि त्याचा उपयोग केवळ परगावच्या पाहुण्यांना होईल असे नाही, तर शाळेला आणि बाजाराला सायकलीने जाणाऱ्या आमच्या मुलामुलींनाही होईल.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण या पाहुण्यांनी सायकली आणाव्यात अशी माझी इच्छा आहे. मोठे वाहन आमच्या गावांच्या दरम्यान जाते तेव्हा त्यातील माणसाला धूळ आणि शिवारांचा एक अखंड पट्टा एवढेच दिसते. तोच माणूस सायकलीवर बसून बांधाच्या वाटेने गेला म्हणजे तळ्याकाठी धानात उतरलेली सारसाची जोडी त्याला दिसते, झाडीपट्टीची बोली त्याच्या कानी पडते, आणि कोणा घरी तो पाणी मागतो तेव्हा दोन घटका बसतोही. कॅलिफोर्नियातील मारिन परगण्यात, टॅमलपायस पर्वताच्या उतारांवर, १९७०च्या दशकात ज्या तरुणांनी जुन्या जड सायकली घेऊन उतरण्याच्या शर्यती लावल्या आणि त्यातून ही डोंगरी सायकल घडविली, तेदेखील आपल्या सायकली गाड्यांत घालूनच डोंगराच्या माथ्यावर नेत. सायकल आणि तिला वाहून नेणारी गाडी यांचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. तो सुरक्षित व्हावा एवढेच मागणे आहे.

त्या सायंकाळी आमच्या गावच्या सायकलवाल्याने जुनी ट्यूब कापून पट्ट्या दिल्या, दोन तरुणांनी सायकली वर सरकवून क्रमांक व दिवा मोकळा केला, आणि मंडळी आमगावच्या दिशेने निघून गेली. निघण्यापूर्वी मी त्यांना सायकलींचे क्रमांक विचारले. ते त्यांना ठाऊक नव्हते. पायडलचा आस ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूस फ्रेमवर तो कोरलेला असतो. सायकल चोरीस गेली तर फिर्यादीत तो नोंदविता येतो, आणि मुद्देमाल सापडला तर आपली सायकल ओळखण्याचा याहून खात्रीचा दाखला नाही. वाचकहो, आपली सायकल डोंगरी असो वा साधी, गाडीवरून जाणारी असो वा अंगणात उभी असो, ती आज उलटी करून तो क्रमांक वहीत उतरवून ठेवा.