क्रूझ कंट्रोल बसवायचा धंदा: आधी ब्रेकची वायर, मग दुकानाचा बोर्ड

अलिबाग-पेण पट्ट्यात गॅरेज आहे आणि जुन्या गाड्यांना इलेक्ट्रिक क्रूझ कंट्रोल बसवून द्यायचा विचार करताय? माझं मत स्पष्ट आहे: करा, पण सरसकट नको.

आधी गिऱ्हाईक ओळखा. रेवदंडा-मुरूडच्या वळणांवर याचा काडीचा उपयोग नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. जवळपास २२ किलोमीटर सलग रस्ता, कारला ताशी १०० ची मर्यादा. कामासाठी सारखा मुंबई गाठणारा जुन्या गाडीचा मालक, हे तुमचं गिऱ्हाईक.

आता काम समजून घ्या. जुन्या गाडीत थ्रॉटल केबलवर चालतो. किटमधली छोटी मोटर ती केबल ओढून वेग धरते. ब्रेक किंवा क्लच दाबला की तिने केबल सोडलीच पाहिजे. गिऱ्हाइकाचा जीव या सोडण्यावर आहे! आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस. जोड गंजला की सिग्नल गेला. म्हणून सील केलेले कनेक्टरच वापरा आणि दरवर्षी तपासणी ठेवा, पैसे घेऊन. किट एकदाच विकलं जातं, तपासणी दरवर्षी.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

आणि ज्या गाडीचे ब्रेकच ढिले, तिला सरळ नाही म्हणा. एक बिल बुडेल, पण गॅरेजचं नाव राहील.