उसनी अश्वशक्ती

श्री गजानन महाराजांच्या प्रकटदिनी किंवा रामनवमीला शेगावात येणाऱ्या वाहनांच्या रांगेकडे थोडे लक्ष देऊन पाहिले, तर गेल्या दशकात मध्यमवर्गीयांच्या मोटारीत केवढे स्थित्यंतर झाले आहे याची कल्पना येते. रेल्वे आणि एसटी ही भाविकांची वाहने आजही आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला हप्त्यांवर घेतलेल्या छोट्या मोटारी मोठ्या संख्येने आल्या आहेत. त्यांतील अनेकींना क्लचचे पायडल नाही, आणि अनेकींच्या पाठीवर 'टर्बो' हा शब्द मिरवतो आहे. सकाळी समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेला टेकून धावलेली गाडी दुपारी गर्दीत पावलापावलाने सरकत असते. यंत्राची खरी परीक्षा या दोन टोकांत होते. म्हणूनच या गाड्यांची ताकद कारखान्याबाहेर वाढवून घेण्याची जी हौस आता शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोचली आहे, तिचा विचार हौशी तरुणांपुरता मर्यादित ठेवून चालणार नाही. तो घरखर्चाचा, बाजारातील विश्वासाचा आणि सार्वजनिक धोरणाचाही विचार आहे.

या हौसेला व्यवसायाच्या भाषेत 'रिमॅप' किंवा 'ट्यूनिंग' म्हणतात. आधुनिक इंजिनात किती इंधन सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची आणि टर्बोने हवा किती दाबाने कोंबायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्या संगणकातील आकडे बदलले की इंजिन तेच राहून त्याचे बळ वाढते. टर्बो नसलेल्या इंजिनात अशा बदलातून फारसे काही हाती लागत नाही. टर्बो असेल तर मात्र हवेचा दाब वाढवून चाकांना पीळ देणारे बळ, म्हणजे टॉर्क, एक-चतुर्थांशाने वाढवून देण्याची जाहिरात सर्रास केली जाते. लोखंडाचा एक तुकडाही न बदलता, काही तासांत, काही हजार रुपयांत वाढीव अश्वशक्ती! अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकवले जाते की फुकटचे जेवण कोठेही मिळत नाही. मग या जेवणाचे बिल कोण भरतो?

टर्बो आणि स्वयंचलित गिअर यांचा उगम एकाच वर्षातला आहे, हा एक मनोरंजक योगायोग होय. निकास वायूच्या वाया जाणाऱ्या शक्तीवर हवा दाबण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. आणि तेलाच्या प्रवाहातून शक्ती संक्रमित करण्याच्या ज्या तत्त्वावर पुढे स्वयंचलित गिअरबॉक्स उभा राहिला, त्याचे पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने त्याच वर्षी घेतले. तथापि सामान्य मोटारीत टर्बो येण्यास १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या ओल्डस्मोबाइल जेटफायर या गाडीचे इंजिन फुटू नये म्हणून तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून भरावे लागे. मालक ते भरण्यास विसरत आणि गाडीची ताकद आपोआप उतरे. अखेर अनेक गाड्यांचे टर्बो उत्पादकालाच काढून द्यावे लागले. यंत्राचे गणित चुकले नव्हते; यंत्र वापरणाऱ्या माणसाच्या सवयींचे गणित चुकले होते. हा धडा आजही जुना झालेला नाही.

भारतात टर्बो पेट्रोल इंजिनांचा जो प्रसार झाला, त्यामागे अभियांत्रिकीइतकेच करधोरणही आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० घन सेंटिमीटरपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. वस्तू व सेवा कराच्या रचनेतही ही सीमारेषा कायम राहिली; २२ सप्टेंबर २०२५ पासून तर या रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के कर आहे. ग्राहकाला मोठ्या इंजिनाची ताकद हवी आणि उत्पादकाला लहान इंजिनाची करसवलत हवी, या पेचातून टर्बोने वाट काढून दिली. म्हणजेच, ही लहान इंजिने मुळातच मोठ्या इंजिनांचे काम करीत आहेत. त्यांच्यावर आणखी भार टाकणे म्हणजे आधीच दोन पाळ्या करणाऱ्या कामगाराला तिसऱ्या पाळीवर बोलावणे होय.

तरीही सर्वप्रथम दगा देते ते बहुधा इंजिन नव्हे, तर गिअरबॉक्स. प्रत्येक गिअरबॉक्स किती टॉर्क सोसू शकेल याची एक मर्यादा असते, आणि उत्पादक ती जाणतो. निसान मॅग्नाइट या गाडीचे उदाहरण बोलके आहे. २०२० मध्ये ती आली तेव्हा तिच्या एक लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क हाताच्या गिअरसह १६० न्यूटन-मीटर, तर पट्ट्याच्या स्वयंचलित गिअरसह १५२ न्यूटन-मीटर असा जाहीर करण्यात आला. इंजिन एकच, परंतु स्वयंचलित गिअर जोडताना खुद्द उत्पादकाने त्याचा टॉर्क कमी ठेवला. दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन गाड्यांचे. त्यांच्या दीड लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे, आणि त्याला जोडलेल्या सात गतींच्या, कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची अभिकल्पित मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच आहे. ज्या भांड्यात काठोकाठ पाणी भरले आहे, त्यात आणखी पाव भांडे ओतल्यास काय होईल, हे सांगण्यास अभियंत्याची गरज नाही. कारखान्याच्या आकड्यांवर चालणाऱ्या गाड्यांनाही हे प्रश्न चुकलेले नाहीत. २०१३ मध्ये चीनमध्ये याच कंपनीला दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समधील दोषांमुळे ३,८४,१८१ गाड्या परत मागवाव्या लागल्या होत्या.

यावर असा युक्तिवाद होतो की, उत्पादक यंत्रात पुष्कळ राखीव बळ ठेवतो, आणि ट्यूनिंग करणारा त्यातलेच थोडे वापरतो. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. काही गिअरबॉक्स, विशेषतः तेलात बुडालेल्या क्लचचे आणि मोठ्या टॉर्क कन्व्हर्टरचे, खरोखरच ऐपतीपेक्षा कमी कामावर लावलेले असतात. परंतु राखीव बळ हे निरुपयोगी पडून राहिलेले धन नव्हे. नोकरदाराच्या भविष्यनिर्वाह निधीसारखे ते असते. आजारपण आणि म्हातारपण यांसाठी ठेवलेला तो निधी तारुण्यात सिनेमा-नाटकावर उडवला, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते वीस वर्षांनी. यंत्राच्या बाबतीत तर हिशेब अधिकच कठोर आहे. गोळ्यांच्या बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा यंत्रशास्त्रातील सर्वमान्य नियम आहे. भार सव्वापट झाला की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. गाडी सदासर्वकाळ पूर्ण भाराने धावत नाही, हे खरे; पण ज्याने ताकद पैसे मोजून विकत घेतली, तो ती न वापरता ठेवील, असे मानणे मनुष्यस्वभावाला धरून नाही.

त्यातून विदर्भाचे हवामान. बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांच्या सपाटीवर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच वर जातो. टर्बोत कोंबलेली हवा आधीच तापलेली असते. बाहेरची हवाही तापलेली असली की इंजिनात अवेळी स्फोट होण्याची, म्हणजे 'नॉकिंग'ची, शक्यता वाढते. मूळ संगणकीय आकड्यांत याची तजवीज असते, कारण उत्पादकाला तीच गाडी काश्मिरातही विकायची असते आणि अकोल्यातही. वाढवलेल्या आकड्यांत ही तजवीज कितपत उरते, हे ट्यूनिंग करणाऱ्याच्या ज्ञानावर आणि सचोटीवर अवलंबून. कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स तर गर्दीत सरकताना सतत अर्धवट घसरत असतो आणि प्रत्येक घसरणीत उष्णता निर्माण करतो. महामार्गावरील वेगाने जे झिजत नाही, ते यात्रेच्या गर्दीतील दोन तास झिजवून टाकतात. आणि एकदा असा गिअरबॉक्स बंद पडला की गावातील मिस्त्रीला, तो कितीही हुशार असला तरी, तो उघडता येत नाही. गाडी ट्रकवर लादून मोठ्या शहरातील अधिकृत कार्यशाळेत न्यावी लागते. संगणकात फेरफार आढळल्यास वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

ट्यूनिंगच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो. उत्पादक स्वतःच एक इंजिन दोन ताकदींत विकतात; मग ग्राहकाने तेच केले तर काय चुकले? रांजणगाव येथे पूर्वी तयार होणाऱ्या फियाटच्या १.३ लिटरच्या डिझेल इंजिनाचा दाखला येथे देता येईल. ते ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत विकले गेले. परंतु ९० अश्वशक्तीसाठी उत्पादकाने केवळ आकडे बदलले नाहीत, तर पात्यांची रचना बदलू शकणारा वेगळा टर्बो बसवला. ज्याला ताकदीची खरी किंमत ठाऊक होती, त्याने ती लोखंडात मोजली. नेमका हाच खर्च वाचवणे म्हणजे रिमॅपची स्वस्ताई.

येथपर्यंतचे नुकसान गाडीच्या मालकाचे. स्वतःच्या पैशाने स्वतःची वस्तू झिजवण्याचे स्वातंत्र्य त्याला असावे, असेही कोणी म्हणेल. परंतु गोष्ट येथे थांबत नाही. बदललेले आकडे विकण्यापूर्वी पुन्हा मूळचे करून ठेवता येतात. मग ती गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात येते आणि आयुष्यभराच्या बचतीतून पहिली मोटार घेणारा एखादा शिक्षक किंवा कारकून ती विकत घेतो. रंग नवा, काटा कमी किलोमीटर दाखवणारा, गिअर आतून अर्धा झिजलेला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन हे दाखवून दिले होते. विक्रेत्याला दोष ठाऊक आणि ग्राहकाला तो अज्ञात, अशी स्थिती असली की ग्राहक प्रत्येक गाडीची किंमत संशयाने कमी करतो. मग चांगली गाडी असलेला विक्रेता बाजारातून निघून जातो आणि शेवटी उरतो तो सदोष मालाचा बाजार. या विचाराच्या कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे लबाडी करणारा एक मालक केवळ एका ग्राहकाला फसवत नाही. आपली गाडी प्रामाणिकपणे जपणाऱ्या सर्वांच्या गाड्यांची किंमत तो उतरवतो.

कायदा या बाबतीत मुका नाही, पण आंधळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. परंतु रस्त्यावरील शिपायाला रुंद टायर दिसतात, कर्णकर्कश सायलेन्सर ऐकू येतो. संगणकातील आकडे त्याला दिसावेत कसे? पीयूसी केंद्रावरील तपासणी उभ्या गाडीची होते, भाराखालील नव्हे. तेथेही हा फेरफार सुखरूप निसटतो.

उपाय नाही असे मात्र नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९ जुलै २०२१ पासून धूरतपासणीच्या वेळीच गाडीच्या संगणकाला निदानयंत्र जोडून त्यातील आज्ञावली मान्यताप्राप्त आहे की नाही, हे पाहण्यास प्रारंभ केला. फेरफार आढळल्यास मूळ आज्ञावली परत बसवल्याखेरीज प्रमाणपत्र मिळत नाही. भारतातील आधुनिक गाड्यांतही निदानयंत्र जोडण्याची सोय असते. पीयूसीच्या वेळी ही नोंद घेतली आणि ती वाहनाच्या नोंदणीशी जोडून ठेवली, तर गाडीचा पूर्वेतिहास विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल. वर्षभराच्या नोंदींची साखळी असली की विक्रीच्या आदल्या दिवशी आकडे मूळपदावर आणून भागणार नाही. ज्याला शर्यतीची हौस आहे त्याने ती जाहीरपणे, मजबूत गिअर आणि ब्रेक बसवून, परवानगी घेऊन आणि विमा कंपनीला कळवून, शर्यतीच्या मैदानावर भागवावी. अशी सोय नियमांत ठेवण्यास हरकत नसावी. शेगावातच १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा संस्थांनी जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी माफक शुल्कात तटस्थ तपासणी सुरू केली, तर विद्यार्थ्यांना शिक्षण आणि ग्राहकाला संरक्षण, असा दुहेरी लाभ होईल.

तोवर सामान्य ग्राहकाने एवढे ध्यानात ठेवावे. स्वयंचलित टर्बो गाडी जुनी घेताना तिची धाव पाहण्याबरोबरच तिची सरक पाहावी. तापलेल्या गाडीला गर्दीत अर्धा तास सावकाश चालवून गिअर बदलताना धक्का बसतो का, हे तपासावे; अधिकृत कार्यशाळेतील नोंदी मागाव्यात; आणि विक्रेता 'पिकअप बघा साहेब' असे वारंवार म्हणू लागला, तर अधिक सावध व्हावे. कारण यंत्राकडून घेतलेली उसनवारी यंत्र विसरत नाही. ते ती व्याजासह वसूल करते. दुर्दैव एवढेच की अनेकदा कर्ज एकाने घेतलेले असते आणि वसुली दुसऱ्याकडून होते.